व्यवसायोपचार आणि नित्याची कामे



व्यवसायोपचार हा शब्द प्रथमच ऐकणाऱ्याचा बहुधा गैरसमज होतो. व्यवसाय म्हणजे धंदा, उदरनिर्वाहाचे साधन, हाच अर्थ मराठीत रूढ असल्यामुळे, अपंग मनुष्याला एखादा धंदा शिकवून त्याच्या पोटापाण्याची सोय लावणे म्हणजे व्यवसायोपचार असावा, असे त्याला वाटते. हा अर्थ सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु तो फार अपुरा आहे. ह्या शास्त्राच्या परिभाषेत व्यवसाय म्हणजे मनुष्य दिवसभर ज्यात ज्यात व्यापृत असतो ते सर्व. सकाळी उठून तोंड धुणे, सदरा घालणे, हाताने घास घेणे, विहिरीवरून पाणी आणणे, बाजारात जाऊन हिशेबाने भाजी घेणे, हे सारे व्यवसायच होत. लहान मुलाचा व्यवसाय खेळ आणि अभ्यास. वृद्ध आजीचा व्यवसाय वाती वळणे आणि नातवंडांस गोष्ट सांगणे. आजाराने, अपघाताने किंवा जन्मजात व्यंगाने ह्यांपैकी जे जे मनुष्याच्या हातून सुटले, ते ते पुन्हा त्याच्या हाती देणे, आणि तेही त्याच कामांच्या साहाय्याने देणे, हे व्यवसायोपचाराचे प्रयोजन होय. कामे येथे साध्यही आहेत आणि साधनही आहेत.

रुग्णालयात ह्याच रुग्णाकडे डॉक्टर पाहतात, परिचारिका पाहतात आणि भौतिकोपचारकही पाहतात. भौतिकोपचारक सांध्यांची हालचाल, स्नायूंचे बळ, चालणे ह्यांवर मुख्यतः लक्ष केंद्रित करतो. व्यवसायोपचारकाचा प्रश्न थोडा निराळा असतो. हा हात घरी गेल्यावर काय करणार आहे, असे तो विचारतो. प्रत्यक्षात दोघांच्या कामाची सीमारेषा काटेकोर नसते व ती तशी असण्याची आवश्यकताही नाही. एकाच रुग्णाची सकाळ एकाकडे आणि दुपार दुसऱ्याकडे जाते.

कामामुळे मन व शरीर सावरते, हे अनुभवाचे ज्ञान जुनेच आहे. इंग्लंडमधील यॉर्क येथे विल्यम ट्यूक ह्यांच्या पुढाकाराने १७९६ मध्ये मनोरुग्णांसाठी जे निवासस्थान उघडले, तेथे साखळदंडांस फाटा देऊन बागकाम, शिवणकाम ह्यांसारख्या कामांना स्थान दिले गेले. परंतु ह्या ज्ञानास शास्त्राचे रूप विसाव्या शतकात आले. अमेरिकेतील जॉर्ज बार्टन हे स्थापत्यविशारद क्षयाने आणि पुढे डाव्या अंगाच्या लुळेपणाने ग्रस्त झाले होते. न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज ह्या लहानशा गावी त्यांनी एक घर घेतले आणि बागकाम व सुतारकाम करीत करीत स्वतःस सावरले. त्याच घरात मार्च १९१७ मध्ये मोजक्या मंडळींनी एकत्र येऊन व्यवसायोपचाराच्या प्रसारासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन केली. त्यांत विल्यम डंटन हे मनोरुग्णांचे डॉक्टर होते आणि एलिनॉर क्लार्क स्लेगल ह्या समाजकार्यात मुरलेल्या बाई होत्या. लवकरच अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि जखमी सैनिकांच्या निमित्ताने ह्या उपचाराची गरज सर्वांस पटली.

भारतात, आणि तेही महाराष्ट्रात, हे शास्त्र रुजविण्याचे श्रेय एका बाईंना आहे. कमलाबाई निंबकर ह्या जन्माने अमेरिकन. त्यांचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. विष्णु निंबकर ह्यांच्याशी विवाह करून १९३० मध्ये त्या भारतात आल्या आणि येथील झाल्या. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले, आणि १९५० मध्ये मुंबईस परळ येथील के. ई. एम. रुग्णालयात ह्या विषयाचे विद्यालय सुरू केले. आशिया खंडातील ते ह्या प्रकारचे पहिले विद्यालय मानले जाते. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी जी जागतिक संघटना निर्माण झाली तिच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. फलटण येथील कमला निंबकर बालभवन ही शाळा ज्यांच्या नावाने चालते, त्या ह्याच कमलाबाई. एकाच व्यक्तीचे नाव एका उपचारशास्त्राशी आणि एका शाळेशी जोडलेले असावे, ह्यात काही औचित्य निश्चित आहे. आज ह्या विषयाचे पदवी शिक्षण महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मिळते, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आरोग्यसेवेतील इतर पूरक व्यवसायांबरोबर ह्यासही मान्यता दिली आहे.

हा इतिहास सांगितल्यावर एक गोष्ट स्पष्टपणे बोलणे जरूर आहे. कोणतेही काम रुग्णाच्या हाती दिले म्हणजे उपचार झाला, असे मुळीच नाही. ह्या शास्त्राच्या आरंभीच्या काळात रुग्णालयांतून टोपल्या विणणे, चामड्याच्या वस्तू करणे, विणकाम ह्यांस एवढे महत्त्व आले की, टोपली विणावयास बसविणे म्हणजेच व्यवसायोपचार, अशी एक साचेबंद समजूत पसरली. ज्याच्या सात पिढ्यांत कोणी टोपली विणली नाही, त्या मनुष्यासही टोपली विणावी लागे. त्याचे हात गुंतलेले राहत, एवढेच. वर्धा येथे १९३७ मध्ये ज्या मूलोद्योगी शिक्षणाची मांडणी झाली, तिचा इतिहास जाणणाऱ्या शिक्षकांस ह्या धोक्याची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. जेथे तकलीवरचे सूत आणि वर्गातील गणित ह्यांचा संबंध शिक्षकाने जोडला, तेथे तकली शिकविती झाली; जेथे तो जोडला गेला नाही, तेथे मुले केवळ सूत काढीत राहिली. उपचाराचेही असेच आहे.

केवळ गुंतवून ठेवणारे काम आणि अर्थपूर्ण काम ह्यांतील भेद हा कविकल्पनेचा विषय नव्हे. तो मोजता येतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला वान डेर वील, वान डेर मेर आणि डेव्हिड ली ह्या संशोधकांचा एक अभ्यास ह्या दृष्टीने फार बोलका आहे. मेंदूला इजा झाल्यामुळे ज्यांचे एक अंग कमजोर होते अशा काही लहान मुलांस प्रथम सांगण्यात आले की, हाताचा कोपरापुढचा भाग एका बाजूस व नंतर दुसऱ्या बाजूस जमेल तेवढा फिरवा. नंतर त्याच मुलांस त्याच हालचालीने ढोल वाजवावयास सांगितले. हात तोच, स्नायू तेच, मेंदूही तोच. परंतु ढोल वाजविताना तो हात अधिक फिरला. हात फिरव, ह्या आज्ञेत मुलाला काही अर्थ दिसत नव्हता. ढोल वाजव, ह्यात दिसत होता.

दुसरा अभ्यास वृद्धांचा आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मंडळींनी ३६१ वृद्ध स्त्रीपुरुषांचे तीन गट केले. त्याचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटास नऊ महिने व्यवसायोपचार मिळाला. त्यात प्रत्येकाने आपला दिवस कसा जातो, त्यात आपल्याला मोलाचे काय वाटते, ते करण्यात अडचण कोणती, ह्याचा विचार उपचारकाच्या साहाय्याने करून आपल्या दिनक्रमात बदल करावयाचे होते. दुसऱ्या गटासाठी मेळावे, सहली, हस्तकला असे मन रमविणारे कार्यक्रम ठेवले. तिसऱ्या गटास काहीच दिले नाही. पहिल्या गटाची प्रकृती, कामाची क्षमता आणि जीवनाविषयीचे समाधान इतरांपेक्षा सरस आढळले. येथवर नवल नाही. नवल हे की, मेळावे आणि सहली ज्यांस मिळाल्या तो दुसरा गट, काहीच न मिळालेल्या तिसऱ्या गटापेक्षा पुढे गेला नाही.

आता हे प्रत्यक्ष उपचारात कसे घडते ते पाहू जाता, एखादे घरगुती उदाहरण घेणे सोयीचे होईल. समजा, खेड्यातील एक साठीची स्त्री पक्षाघाताने आजारी पडली आणि तिचे उजवे अंग लुळे झाले. प्राणावरचे संकट टळले. आठवड्यांमागून आठवडे गेल्यावर हातात थोडी हालचाल आली. व्यवसायोपचारक तिच्याजवळ बसतो आणि प्रथम चौकशी करतो ती रोगाची नव्हे, दिवसाची. आजारापूर्वी पहाटे उठून काय करीत होता? त्यातले आता काय होत नाही? त्यातले कोणते काम परत यावे असे सर्वांत अधिक वाटते? ही चौकशी म्हणजे गप्पागोष्टी नव्हेत. तिच्यासाठी पद्धतशीर साधने तयार झालेली आहेत. कॅनडातील व्यवसायोपचारकांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका मापनपद्धतीत रुग्णानेच आपल्या अडचणीची महत्त्वाची कामे सांगावयाची आणि ती आज कितपत जमतात व त्यांत समाधान किती, ह्यांस दहापैकी गुण द्यावयाचे असतात. उपचारानंतर तोच पुन्हा गुण देतो. परीक्षार्थीनेच परीक्षक व्हावे, ही कल्पना शिक्षकांस कदाचित विचित्र वाटेल. परंतु ज्या कामाचे मोल रुग्णालाच ठाऊक, त्याचे गुण दुसरा कोण देणार?

समजा, ती स्त्री म्हणाली की, भाकरी करता आली पाहिजे. घरचे लोक हे ऐकून बहुधा हसतात. घरात सून आहे, लेक आहे. म्हातारीने आता भाकरी कशासाठी थापावी? त्यांचे बोलणे मायेचेच असते. परंतु चाळीस वर्षे ज्या चुलीपुढे तिचा शब्द चालला, त्या चुलीपासून तिला दूर बसवून ताट तिच्यापुढे आणून ठेवणे, ही माया तिला कशी वाटते हे तिलाच विचारावे.

भाकरी हे काम किती गुंतागुंतीचे आहे, हे ती रोज करणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. डब्याचे झाकण काढून पीठ घ्यावयाचे, ते परातीत ओतावयाचे, पाणी बेताने घालावयाचे, तळहाताच्या टाचेने पीठ मळावयाचे, गोळा करून तो बोटांनी गोल फिरवीत थापावयाचा, दोन्ही हातांवर उचलून तव्यावर टाकावयाचा, वरून पाण्याचा हात फिरवावयाचा, वेळेवर उलटावयाचा आणि शेवटी विस्तवावर भाजावयाचा. ह्यातील प्रत्येक पायरीला शरीराचे आणि मनाचे निरनिराळे गुण लागतात. मळण्यास खांद्याचे बळ व धडाचा भार लागतो. थापण्यास बोटांचा हलका, समान दाब. तव्याशी डोळ्यांचा अंदाज आणि हाताची चपळाई. खाली बसून तोल सांभाळावा लागतो तो निराळाच. पायऱ्यांचा क्रम स्मरणात असावा लागतो. पक्षाघाताने केवळ बळच जाते असे नाही. काहींच्या मनातून शरीराची व अवतीभवतीची एक बाजूच नाहीशी होते. ताटातील डाव्या बाजूची भाजी तशीच राहते आणि ती वाढलीच नाही अशी तक्रार ते करतात. काहींस प्रत्येक वस्तू ओळखता येते, परंतु कामाचा क्रम लागत नाही. पातेले, चहाची पूड आणि साखर पुढे असूनही चहा होत नाही. घरच्यांस हा हट्ट किंवा वेडेपणा वाटतो. काम करीत असताना रुग्णाकडे बारकाईने पाहणाऱ्यासच ह्या गोष्टी दिसतात. खाटेवर निजवून केलेल्या तपासणीत त्यांपैकी पुष्कळशा निसटतात.

कामाचे असे पृथक्करण झाले म्हणजे उपचारक त्याच्या पायऱ्या लावतो. आरंभी भाकरी नाहीच. मेजावर ओले फडके ठेवून, चांगल्या हाताने दुबळा हात धरून, ते पुढे ढकलावयाचे आणि मागे आणावयाचे. त्यात खांदा आणि कोपर काम करू लागतात. पुढे दोन्ही हातांची बोटे गुंफून पिठाचा गोळा दाबावयाचा. पीठ प्रथम सैल, मग घट्ट. परात एका हाताने धरता येत नाही व ती फिरते, म्हणून तिच्याखाली ओले फडके घालावयाचे. ह्या एका फडक्याने पुष्कळ काम भागते. मग लहानशी भाकरी, जाड का होईना. तापलेला तवा सर्वांत शेवटी, आणि हाताची संवेदना तपासल्यावाचून नाहीच. काम थोडे कठीण परंतु आटोक्यातले असावे, फार सोपे झाले की ते वाढवावे, न झेपले की एक पायरी मागे यावे, हे सूत्र पहिलीच्या वर्गावर बेरीज शिकविणाऱ्यास कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

तीच स्त्री जर शिंपीण असती, तर परातीच्या जागी कात्री आली असती. गवंड्याच्या हाती थापी आणि रंधा द्यावा. त्याला पीठ मळावयास बसविले तर खांदा कदाचित तितकाच हलेल, परंतु दुसऱ्या दिवशी तो येईलच असे नाही.

पाश्चात्य देशांतून आलेल्या ह्या शास्त्राची पुस्तके खुर्ची, मेज आणि उंच ओटा गृहीत धरून लिहिलेली असत. खेड्यातील जीवन जमिनीशी बांधलेले आहे. मांडी घालून जेवणे, उकिडवे बसून शौचास जाणे, जमिनीवरून उठणे, लोट्याने पाणी घेणे, हाताने वरणभात कालवून घास करणे, लुगडे नेसणे, पायजम्याची नाडी बांधणे, ह्या गोष्टी त्या पुस्तकांत फारशा नव्हत्या. येथील उपचारकांस त्या स्वतः बसवाव्या लागल्या. नाडीच्या जागी इलास्टिक आले. शौचास खुर्चीसारखी लाकडी चौकट आली, कारण एकदा खाली बसलेल्या पक्षाघाताच्या रुग्णास उठविणे दोघांसही कठीण जाते. काही युक्त्या अगदीच साध्या आहेत. सदरा घालताना दुबळा हात प्रथम बाहीत घालावा, चांगला हात मागाहून. काढताना मात्र चांगला हात प्रथम बाहेर काढावा. एवढा क्रम ठाऊक नसल्यामुळे कितीतरी घरांत धडधाकट बुद्धीच्या माणसास बाहुलीप्रमाणे कपडे चढविले जातात. संधिवाताने बोटे वाकडी होऊ लागलेल्या स्त्रीस पाण्याची कळशी बोटांनी कड धरून न उचलता दोन्ही तळहातांवर किंवा कडेवर घेण्यास शिकवितात; लहान सांध्यावरचा भार मोठ्या सांध्यावर टाकावयाचा, हे त्यातील तत्त्व.

मनोरुग्णांच्या बाबतीतही हाच मार्ग आहे. दीर्घ आजारात ज्याच्या दिवसाची घडी मोडली, त्याचे उठणे, स्नान, जेवण, काम आणि विसावा ह्यांची पुन्हा सवय लावणे, ह्यावर स्लेगलबाईंचा विशेष भर होता, आणि आजही तो टिकून आहे.

काम बरे करते तसे ते अपायही करू शकते, हे मात्र विसरून चालणार नाही. वेलोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ मध्ये आले आणि पुढे कुष्ठरोगाने वाकलेल्या हातांवर त्यांनी शस्त्रक्रिया करून ते हात पुन्हा उघडते केले. डॉक्टर होण्यापूर्वी ह्या गृहस्थांनी बांधकाम आणि सुतारकाम शिकून घेतले होते. त्यांच्याच हकिगतीपैकी एक अशी आहे की, गंजलेल्या कुलपातील किल्ली त्यांच्याने फिरेना, तेव्हा कुष्ठरोगी मुलांपैकी एकाने पुढे होऊन ती सहज फिरविली. ब्रँड चकित झाले. आणि मग त्यांस जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. किल्लीने मुलाचे बोट हाडापर्यंत कापले गेले होते आणि त्या मुलास त्याचा पत्ताही नव्हता. बधिर हात किती जोर लावावा हे सांगत नाही, तवा तापला आहे हेही सांगत नाही. अशा हातांसाठी विळ्याची व खुरप्याची मूठ जाड व गुळगुळीत करणे, गरम भांडे जाड फडक्याने किंवा लाकडी मुठीने धरणे, आणि दिवसाच्या शेवटी डोळ्यांनी हात तपासणे, ही सवय लावणे हाच उपचार असतो. ज्या विद्यार्थ्याच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसेल किंवा ज्याच्या बोटांवर न कळत भाजल्याच्या खुणा दिसतील, त्यास शिक्षकाने विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो, आणि हात वाकण्यापूर्वी औषध सुरू झाले तर पुढचे बहुतेक सारे टळते.

शाळेचा विषय निघालाच आहे, तर आता मुलांकडे वळणे योग्य होईल. शिक्षकाच्या वर्गात येणारे, किंवा येणे अपेक्षित असूनही घरी राहणारे मूल बहुधा मेंदूच्या पक्षाघाताचे असते, मंदगतीचे असते, स्वमग्न असते, किंवा वरकरणी कोणताच दोष न दिसणारे परंतु हातांनी अतिशय अडखळणारे असते. ह्या शेवटच्या प्रकारावर शाळांतून सर्वाधिक अन्याय होतो. त्याला गुंडी लावता येत नाही, चेंडू झेलता येत नाही, अक्षर ओळीवर राहत नाही, आणि पाठांतर मात्र खणखणीत असते. साहजिकच शिक्षकाची समजूत होते की, मुलगा आळशी आहे. मग तेच अक्षर शंभर वेळा लिहावयाची शिक्षा होते. ज्या हातास अक्षराची गती साधत नाही, तो हात शंभर वेळांनी अधिक थकतो. अक्षर शंभराव्या वेळी पहिल्यापेक्षा वाईट येते.

अशा मुलाचे लिहिणेही भाकरीप्रमाणेच उलगडून पाहावे लागते. बैठक कशी आहे? बाकावर बसल्यास पाय लोंबकळतात काय? पाय अधांतरी असले की धड डळमळते, धड डळमळले की खांदा ताठ होतो आणि सारा जोर पेन्सिलीवर येतो. पायांखाली एक वीट किंवा पाट ठेवल्याने काही मुलांचे अक्षर त्याच दिवशी सुधारते. बारीक पेन्सिल पकडता येत नसेल, तर तिच्यावर चिंधी गुंडाळावी किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवावा. एका हाताने कागद धरता येत नसेल, तर त्यावर वजन ठेवावे. कागदाखाली उताराची फळी दिली तर मनगट योग्य स्थितीत येते आणि मान वाकत नाही. ह्यासाठी खर्च लागत नाही, अनुदानाची वाटही पाहावी लागत नाही.

बोटांचे बळ वाढविण्यास रबरी चेंडू दाबीत बसविण्यापेक्षा गावातील खेळ किती तरी सरस आहेत. सागरगोटे खेळताना मुलगी एक गोटा वर उडविते, तो खाली येण्याच्या आत जमिनीवरचे वेचून मुठीत राखते आणि उडविलेला झेलते. डोळा, मनगट, अंगठा, तर्जनी आणि वेळेचा अंदाज, इतक्या गोष्टी एका क्षणात एकत्र काम करतात. चिंचोके वेचणे, फुलांचा हार ओवणे, बैलपोळ्यास मातीचे बैल करणे, रांगोळीचे ठिपके टाकणे, ह्यांपैकी प्रत्येक काम कोणत्या बोटास काय शिकविते हे शिक्षकाने एकदा स्वतः करून पाहावे. परंतु निवड मुलाची असावी. ज्याला बैल प्रिय, त्याला हार ओवावयास बसवू नये.

घरी मुलास स्वतः कपडे घालावयास शिकविताना एक पद्धत फार उपयोगी पडते. सामान्यतः पहिली पायरी मुलाकडून करवून घेतात आणि ते अडखळले की उरलेले आई पुरे करते. मुलाच्या वाट्यास दर वेळी अपयश येते. व्यवसायोपचारक ह्याच्या उलट जातात. सदऱ्याच्या दोन्ही बाह्या, खांदे, गुंडीचे टोक काजात शिरविणे, सारे आईने करावे आणि गुंडी शेवटची ओढून घेणे तेवढे मुलाने करावे. काम पुरे झाले ते त्याच्या हातून. ते पक्के झाले म्हणजे शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्याकडे द्याव्यात, मग तीन. शेवटाकडून आरंभाकडे येणारी ही रीत वेळखाऊ आहे, आणि सकाळी शेतावर जाण्याच्या घाईत असलेल्या आईस ती परवडत नाही, हे खरे. पाच मिनिटांत भरवून होणारे जेवण मुलाने स्वतः जेवावयाचे तर अर्धा तास लागतो आणि निम्मे सांडते. म्हणून भरविले जाते. दहा वर्षांचा मुलगा भरवून घेतो, पंधराव्या वर्षीही घेतो, आणि शाळेत दुपारच्या भोजनास कोण भरविणार म्हणून शाळाच सुटते. शिक्षकाने अशा घरी जाऊन उपदेश करण्याऐवजी एवढेच सुचवावे की, सुटीच्या दिवशी एक जेवण, किंवा एका जेवणातील शेवटचे चार घास, मुलाने आपल्या हाताने घ्यावेत. ताट घसरू नये म्हणून खाली ओले फडके असावे आणि ताटाची कड उंच असावी.

शिक्षकाने उपचारक होऊ नये, ही सूचना येथे करणे अवश्य आहे. ताठरलेला हात किंवा पाय जोराने ओढून सरळ करू नये. फिट येणाऱ्या, खाताना वारंवार ठसका लागणाऱ्या किंवा पूर्वी येत असलेले काम विसरू लागलेल्या मुलास डॉक्टरांकडेच नेले पाहिजे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळेत जी तपासणी पथके येतात, त्यांच्यापुढे असे मूल मुद्दाम उभे करावे. बाकावर मागे बसलेले आणि त्या दिवशी गैरहजर असलेले मूल नेमके हेच असते. तेथून त्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविता येते.

मूल पुढे पाठविताना शिक्षकाने एक चिठ्ठी सोबत द्यावी. तिच्यात रोगाचे नाव लिहिण्याचे कारण नाही. मूल कोणत्या हाताने खडू धरते, किती वेळ बसू शकते, जेवते की भरवावे लागते, शौचास कोणाची मदत लागते, हे लिहावे. एकच सूचना देऊन पाहावी, मग दोन एकदम देऊन पाहाव्यात, आणि कोणती पाळली गेली ते नोंदवावे. सुटीच्या घंटेनंतर ते कोठे जाते, कोणत्या खेळाशी उभे राहून पाहत असते, हेही लिहावे. कारण केंद्रातील अनोळखी खोलीत भेदरलेले मूल हे दाखविणार नाही, आणि उपचारकास पहिल्या दिवशी काम सुरू करावयाचे असते ते तेथूनच.